‘इथं काहीच नाही’

सौदीतल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात पडलं की मराठी शिक्षक पहिला फोन करतो तो आधी तिकडं गेलेल्या कुणाला तरी. गाव रियाध किंवा जेद्दा असेल तर तो घरभाडं विचारतो, मुलांच्या शाळेचं विचारतो. हाईल, सकाका, अरार, नजरान असं काही असेल तर प्रश्न एकच असतो. “तिथं काय आहे?” उत्तरही ठरलेलं. “काहीच नाही. शांत गाव आहे. पैसे साठवायला बरं.”

हे उत्तर मी स्वतः दहा-पंधरा जणांना दिलंय. हाईलमधल्या एका खासगी शाळेत मी पाच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली तीन वर्षं हेच म्हणत काढली. आता मला ते उत्तर मागे घ्यायचंय. ते खोटं आहे म्हणून तर आहेच, पण त्या खोट्याचा फायदा कुणाला होतो आणि भुर्दंड कुणाला पडतो हे मी जवळून बघितलंय म्हणून जास्त.

आधी ‘काहीच नाही’ हे तपासू.

हाईल रियाधच्या वायव्येला, सहाशेहून जास्त किलोमीटरवर. अजा आणि सलमा अशा दोन डोंगररांगांच्या मुलखातलं गाव, उत्तरेला नफूदचं वाळवंट. उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे डिसेंबरात सकाळच्या प्रार्थनेला पोरं जॅकेटात हात घालून उभी राहतात. 1921मध्ये इब्न सौदनं जिंकेपर्यंत ही अल रशीद घराण्याची राजधानी होती. अमीरांचे प्रसिद्ध घोडे बघायला 1879मध्ये लेडी अ‍ॅन ब्लंट वाळवंट ओलांडून इथं आली. 1914मध्ये गर्ट्रूड बेल आली आणि तिला काही दिवस इथून हलू दिलं गेलं नाही. गावापासून शंभरेक किलोमीटरवर जुब्बा आहे. तिथं एकेकाळी तळं होतं, आणि त्या तळ्याकाठच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी खडकांवर माणसं आणि जनावरं कोरून ठेवली आहेत. 2015पासून हाईल भागातली ही कातळचित्रं जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आणि हातिमताई. होय, आपलाच. आजीच्या गोष्टीतला, टीव्हीवरच्या मालिकेतला, आणि कुणी फार सढळ हातानं खर्च करायला लागलं की आपण ज्याचं नाव घेतो तो. तो इथला. सहाव्या शतकातला तय जमातीचा कवी आणि सरदार. अजाच्या डोंगरातल्या तुवारिन गावात त्याची कबर दाखवतात. मी तीन वर्षं हातिमताईच्या गावात राहत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. माझ्या आईला सांगितलं असतं तर तिला हाईल नकाशावर शोधावंच लागलं नसतं.

मला हे कळलं ते वर्गात. दहावीतल्या एका मुलानं विचारलं, “उस्ताद, तुमच्याकडे हातिम माहीत आहे?” मी म्हणालो, “हातिमताई? आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे.” वर्गाला आधी खरंच वाटेना. मग मला घोड्याची गोष्ट सांगावी लागली. दूर देशीच्या बादशहाचे दूत हातिमच्या दारी येतात. त्यांना त्याचा नावाजलेला घोडा मागायचा असतो. पण त्यांनी मागण्याआधीच, त्या रात्री पाहुण्यांपुढे ठेवायला घरात दुसरं काहीच नाही म्हणून, हातिमनं तोच घोडा कापून त्यांना जेवू घातलेलं असतं. मी इंग्रजीत सांगत होतो आणि मागच्या बाकावरचा एकजण, जो वर्षभर झोपलेला असायचा, तो मधे मधे मला दुरुस्त करत होता. तेही इंग्रजीत. तीन वर्षांत त्याच्या तोंडून मी इंग्रजीतलं एक पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हे पर्यटनाचं निमंत्रण आहे. तसं नाही. आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही अठरा शिक्षक होतो. पाच वर्षांत त्यातले चारजण जुब्बाला जाऊन आले, आणि त्यातले तीन ब्रिटिश होते. बाकीचे आळशी नव्हते. त्यांना तिथं जाता येऊ नये, जावंसं वाटू नये, अशीच त्यांच्या आयुष्याची मांडणी झालेली होती.

ती मांडणी अशी. तुम्ही ‘सिंगल स्टेटस’वर येता, म्हणजे लग्न झालेलं असलं तरी एकटे. कंपनीच्या इमारतीत एका खोलीत दोघं. सकाळी व्हॅन न्यायला येते, दुपारी आणून सोडते. गाडी घ्यायची तर हप्ता, आणि हप्ता म्हणजे गावाकडच्या हप्त्याशी स्पर्धा. शुक्रवारी कपडे, डाळभात, घरी व्हिडिओ कॉल, लुलू किंवा पांडामधली खरेदी. देश सोडायचा तर एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागतो. कुटुंब आणायचं तर 2017च्या जुलैपासून माणशी फी सुरू झाली. पहिल्या वर्षी महिन्याला 100 रियाल, मग दरवर्षी शंभरानं वाढत 2020मध्ये 400. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला 1200, वर्षाला 14,400 रियाल. साडेचार हजार पगाराच्या माणसाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त पगार त्यातच जातो. त्या वर्षांत आमच्या ओळखीतली कितीतरी कुटुंबं मुलांच्या परीक्षा संपल्या की परत गेली. खोल्यांमध्ये पुरुष उरले आणि भिंतीवर कॅलेंडर.

अशा माणसाला गाव शांत वाटणारच. त्याच्या इकाम्यावर गावाचं नाव असतं, पण तो गावात राहतच नसतो. तो व्हॅन, वर्ग आणि खोली यांत राहतो, आणि खिडकीतून जे दिसतं त्याला ‘काहीच नाही’ म्हणतो. हे वर्णन कराराचं आहे, गावाचं नाही. आणि ते कंपनीच्या सोयीचं आहे. जिथं ‘काहीच नाही’ तिथं माणूस काही मागत नाही. तो फक्त दिवस मोजतो.

आमचे गणिताचे सर असेच दिवस मोजायचे. लातूरकडचे. एम.एस्सी., बी.एड., शिकवणं असं की सौदी पालक सुट्टीत त्यांना शोधत यायचे. 2017ला आले, दुसऱ्या वर्षी फीमुळं कुटुंब परत पाठवलं, 2021ला कराराची मुदत संपली आणि शाळेनं सांगितलं की आता नूतनीकरण नाही. सर खूश होते. चार वर्षांची ग्रॅच्युइटी मिळणार होती. हिशेब त्यांनी स्वतः करून आम्हाला दाखवला होता. कामगार कायद्याप्रमाणे पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे चार वर्षांचे दोन महिने, म्हणजे 9000 रियाल. मुलीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे त्यातून जायचे होते.

शेवटच्या आठवड्यात त्यांना ऑफिसात बोलावलं, तीन-चार अरबी कागद पुढं ठेवले. “फायनल एक्झिटचे पेपर आहेत, सही करा.” सरांनी सही केली. खात्यात 3000 जमा झाले.

त्यांनी ते कागद संध्याकाळी मेसमध्ये आणले. आमचे परभणीचे एक सहकारी उर्दू माध्यमात शिकलेले, त्यांना अक्षरं लागायची. दुसऱ्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं आणि एक शब्द वाचला. इस्तिकाला. राजीनामा. सरांनी स्वतःच्या इच्छेनं नोकरी सोडल्याचं लिहून दिलं होतं. कायदा असा की दोन ते पाच वर्षांच्या नोकरीनंतर स्वतः राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीचा एक तृतीयांशच मिळतो. हिशेबात चूक काढायला जागाच नव्हती.

गणितात सर चुकलेच नव्हते. त्यांना फक्त एक शब्द वाचता आला नाही. सौदी कामगार कायद्याचं नववं कलम सांगतं की करार, नोंदी, कागदपत्रं यांची भाषा अरबी. शेजारी दुसऱ्या भाषेतला मजकूर असला तरी ग्राह्य अरबीच. आपल्याला दिलेलं सुबक इंग्रजी पान हे सौजन्य असतं. आपण सही करतो ती अरबी पानावर, आणि चार-चार वर्षं त्या देशात राहून आपल्याला ते पान वाचता येत नाही, कारण ‘इथं काहीच नाही, भाषा शिकून करायचंय काय?’

सर तक्रार करायला थांबले नाहीत. तिकीट तीन दिवसांवर होतं.

आता यात सगळा दोष सरांचा, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. ज्यानं तो कागद पुढं सरकवला त्याला पक्कं माहीत होतं की समोरचा वाचू शकत नाही. लबाडी त्याची. पण ती दर वर्षी, दर कॉरिडॉरमध्ये चालते ती आपल्या शांततेच्या भरवशावर, आणि त्या शांततेत आपली स्वतःची भर आहे. ती कुठं कुठं आहे ते आता सांगतो, कारण हा लेख कंपन्या वाचणार नाहीत. तुम्ही वाचताय.

पहिली भर, पगाराबद्दल गप्प राहणं. आखाती देशांतल्या इंग्रजी शिक्षकांच्या जाहिराती बघा. ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा, आणि पुढं देशांची यादी. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. यादी पासपोर्टची आहे. तुमची इंग्रजी कशी आहे हा प्रश्नच नाही. माझ्या शेजारच्या वर्गात शिकवणारा इंग्लंडचा मुलगा क्रीडाशास्त्राचा पदवीधर होता आणि त्यावर त्यानं चार आठवड्यांचा एक कोर्स केला होता. स्वभावानं लाख माणूस. प्रेझेंट परफेक्ट कसं समजवायचं हे विचारायला तो माझ्याकडे यायचा. आम्ही एकच पुस्तक शिकवत होतो, एकाच बेलला वर्गात जात होतो. त्याचा पगार माझ्या दुपटीहून जास्त होता, शिवाय स्वतंत्र फ्लॅट. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही त्याच्याच तोंडून, आणि सांगताना त्याला वाटत होतं की मलाही तेवढंच मिळतं. आकडा ऐकून तो खरोखर ओशाळला.

मी मात्र तीन वर्षं विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही. पगार विचारणं असभ्य, असं आपल्याला शिकवलंय. ज्याला कमी मिळतं त्यानं ही सभ्यता पाळली की त्याचा फायदा फक्त देणाऱ्याला होतो.

दुसरी भर जास्त लाजिरवाणी आहे. वरच्या पायरीचा अन्याय आपल्याला बोचतो, पण खालच्या पायरीवर आपण स्वतः मजेत बसलेलो असतो. स्टाफरूममध्ये आम्ही स्वतःला ‘एक्स्पॅट’ म्हणायचो. रोज व्हॅन चालवून आम्हाला नेणारा गोरखपूरकडचा माणूस मात्र ‘लेबर’. त्याच्याशी हिंदीत बोलायचो, पण मेसमध्ये तो आमच्या टेबलावर बसला नाही आणि आम्हीही कधी त्याला बोलावलं नाही. मार्च 2021मध्ये सौदीनं कायदा सैल केला. एक वर्ष झाल्यावर मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा आली. आम्ही मेसमध्ये टाळ्या वाजवल्या. घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, शेतावरचे मजूर हे त्या सुधारणेच्या बाहेर ठेवलेत, हे त्या संध्याकाळी कुणीही उच्चारलं नाही. मीसुद्धा.

तिसरी भर तर हाईलला पोचायच्या आधीच पडलेली असते, आपल्याच घरी. लातूरचा एम.एस्सी., बी.एड. माणूस बायकामुलांना सोडून नफूदच्या कडेला एका खोलीत चार वर्षं का राहतो? वाळवंटाची ओढ म्हणून नव्हे. महाराष्ट्रानं 2000 साली शिक्षणसेवक नावाचा प्रकार काढला. काम पूर्ण शिक्षकाचं, तीन वर्षं मानधनावर. ते मानधन वाढता वाढता 2023मध्ये प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झालं. त्याआधी ते 6000, 8000 आणि 9000 होतं. सीनियर कॉलेजात तासिका तत्त्व आहे. जितके तास तितके पैसे, आणि ते पैसेही बिलं निघतील तेव्हा. विनाअनुदानित संस्थेचं तर बोलायलाच नको. तिथं कायम जागेसाठी संस्थाचालकाला किती द्यावे लागतात हे तालुक्याच्या चहाच्या टपरीवरही माहीत असतं.

दहा वर्षं असं जगलेल्या माणसाला साडेचार हजार रियाल दर महिन्याला ठरल्या तारखेला मिळाले की तो अरबी पान उलटून बघत नाही. त्याला वाटतं, प्रश्न विचारला तर हेही जाईल. सही कर म्हटलं की सही करायची सवय त्याला कंपनीनं लावली नाही. ती आपल्या संस्थाचालकांनी आधीच लावलेली असते. अमुक रकमेवर सही करायची आणि प्रत्यक्षात तमुक घ्यायची, हे आपल्याकडे किती शिक्षकांनी केलंय ते त्यांनाच विचारा. सरांनी त्या कागदावर न वाचता सही केली, तेव्हा त्यांचा हात तालीम झालेला होता.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा. “आम्ही पैसे कमवायला आलो, इतिहास शिकायला नाही.” मान्य. घराचा हप्ता, बहिणीचं लग्न, वडिलांची बायपास, यातलं काहीही हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि ज्यानं त्यासाठी एकट्यानं वर्षं काढलीत त्याला मी रसिकतेचे धडे देणार नाही. जुब्बाला जाऊच नका हवं तर. पण पैसेच कमवायला आला असाल तर निदान ते पैसे ज्या भाषेत लिहिलेत ती भाषा वाचायला शिका. सरांचे 6000 रियाल एका शब्दात गेले.

दुसरा आक्षेप तरुण वाचकाचा. “फोन आहे की. कॅमेरा लावला की भाषांतर होतं.” होतं, आणि जरूर करा. पण तुम्ही एचआरच्या टेबलापुढं उभे असता, मागं चारजण ताटकळलेले असतात, समोरचा घड्याळ बघत असतो. त्या वेळी फोन काढून “थांबा, मी वाचतो” म्हणायला जे लागतं ते अ‍ॅपमध्ये मिळत नाही. आपल्याला हे वाचायचा हक्क आहे असं आधी वाटावं लागतं.

हक्क. हाच शब्द घ्या. अरबीत तो हक्कच आहे. मुदत म्हणजे मुद्दा, अट म्हणजे शर्त, हिशेब म्हणजे हिसाब, वकील म्हणजे वकील. शेकडो वर्षांच्या दफ्तरी व्यवहारातून हे शब्द फारसीमार्गे मराठीत आले आणि घरचे होऊन बसले. त्या करारातले निम्मे महत्त्वाचे शब्द आपण रोज बोलतो, फक्त उजवीकडून डावीकडं लिहिलेले ओळखता येत नाहीत. आणि राजीनामा! त्यातला ‘राजी’ही मुळात अरबीच. राजी असल्याचा कागद. सर राजी नव्हते. तरी त्यांचा राजीनामा तयार होता.

चौथ्या वर्षी मी अक्षरं शिकलो. शाळेचा सुदानी ग्रंथपाल शिकवायचा, मधल्या सुट्टीत वीस मिनिटं. बदल्यात त्याच्या मुलीचं इंग्रजी मी बघायचो. दोन महिन्यांत दुकानांच्या पाट्या लागायला लागल्या. गाव तेच होतं, पण आता ते बोलत होतं. सलमा हे कशाचं नाव, मुलांच्या आडनावात शम्मरी का येतं, हे विचारता येऊ लागलं. वर्गातल्या मुलांना मी आधी हजेरीपटावरच्या इंग्रजी स्पेलिंगनं हाका मारायचो, ती नावं तीन वर्षं चुकीची उच्चारत होतो, आणि एकानंही मला सांगितलं नव्हतं. पाहुण्याला खजील करायचं नाही, अशी तिकडची रीत. पाहुणा मात्र खिडकीतून बाहेर बघून म्हणत होता, इथं काहीच नाही.

पाचव्या वर्षी माझी मुदत संपली तेव्हा माझ्याही पुढं चार कागद आले. दुसऱ्या कागदावर तोच शब्द होता. मी तो कागद बाजूला काढला, उरलेल्यांवर सही केली आणि म्हणालो, “हा माझा नाही.” ऑफिसातला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, कागद परत घेतला आणि म्हणाला, “चुकून आला.” वाद नाही, भांडण नाही. पूर्ण रक्कम जमा झाली.

मागच्या महिन्यात अंबाजोगाईच्या एका मुलाचा फोन आला. अरारची ऑफर आहे. तासिकेवर सहा वर्षं काढलीत, लग्न ठरलंय. नेहमीचाच प्रश्न. “सर, तिथं काय आहे?”

मी विचारलं, “ऑफर लेटरसोबत अरबी पान आलंय का?”

“आलंय. पण ते वाचता येत नाही ना सर.”

“व्हिसा यायला किती दिवस लागतील म्हणाले?”

“दोन महिने.”

“पुष्कळ आहेत,” मी म्हणालो. “अठ्ठावीसच अक्षरं आहेत. आज रात्री पहिली चार पाठवतो.”